समुद्राच्या तळाशी ठेवलेले कान



आपला भंडारा जिल्हा तलावांचा. वैनगंगा तर आपल्या घरचीच. पण समुद्र आपल्यापासून फार दूर. तरी आज आपण समुद्राच्या तळाची गोष्ट बोलणार आहोत. कारण आपल्या मुलखाच्या जमिनीशी तिचा संबंध आहे.

बाजारात मडके घेताना आपण काय करतो? बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजले तर पक्के. बद्द वाजले तर तडा गेलेला. मडके न फोडता आतली गोष्ट कळते.

पृथ्वीचेही असेच आहे. तिच्या पोटात कोणाला उतरता येत नाही. पण कुठे मोठा भूकंप झाला, की पृथ्वीला जणू टिचकी बसते. त्या धक्क्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून दूरवर जातात. थंड, घट्ट दगडातून त्या लवकर जातात. फार तापलेल्या दगडातून सावकाश जातात. भूकंपमापक यंत्र या लाटा टिपते. कोणती लाट किती उशिरा आली याचा हिशेब केला, की आत कुठे जास्त ऊब आहे ते समजते.

जमिनीवर अशी यंत्रे पुष्कळ आहेत. पण पृथ्वीच्या दहा भागांपैकी सात भाग पाण्याखाली. तेथे कोण ऐकणार? म्हणून जहाजातून यंत्र समुद्रात सोडतात. वजनामुळे ते तळाशी जाऊन बसते. कित्येक महिने ऐकत राहते. मग जहाज परत येते आणि पाण्यातून आवाजाची खूण पाठवते. खूण मिळताच यंत्र वजन सोडते आणि वर तरंगत येते.

२०१२ साली फ्रान्स व जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात रीयुनियन बेटाभोवती अशी ५७ यंत्रे ठेवली. २०१३ साली ती वर काढली.

तेच बेट का, म्हणाल? तेथे जागता ज्वालामुखी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी त्याच तापलेल्या जागेवर होती, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा जमिनीतून दगडाचा तप्त रस वाहिला. तो थिजून महाराष्ट्राचा काळा दगड झाला. वेरूळची लेणी त्यातच कोरली आहेत. हा दगड नागपूरच्या आसपास संपतो. आपल्या तुमसरकडचे मँगनीजचे दगड त्याहून कितीतरी जुने. पुढे आपली भूमी हळूहळू उत्तरेला सरकली. आजही ती वर्षाला दोनतीन बोटे सरकते.

यंत्रांच्या नोंदींवरून २०२१ साली एक नवी गोष्ट पुढे आली. ही ऊब सरळ खांबासारखी वर येत नाही. झाडासारखी येते. मूळ सुमारे २,९०० किलोमीटर खोल आहे. वर फांद्या फुटल्या आहेत. रीयुनियन ही त्यातली एक फांदी.

हे ज्ञान आपल्या काय कामाचे? ऐका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लोक झोपेत होते. दगडमातीच्या जड भिंती अंगावर पडल्या आणि हजारो माणसे गेली. भूमी सरकते, दगडावर ताण येतो आणि दगड तुटतो. तोच भूकंप. तो कोणाचा शाप नव्हे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवू. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी कोणालाच सांगता येत नाही. यंत्रालाही नाही. "आज रात्री बारा वाजता धक्का बसणार" असे कोणी सांगत आला, तर ती अफवा समजावी. लेकरे घेऊन रात्रभर थंडीत बसू नये.

आपल्या हाती आहे ते घर. नवे घर बांधताना जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळई-सिमेंटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवून घ्यावा. पट्ट्याने भिंती एकमेकींना धरून राहतात. थोडा खर्च वाढेल खरा. पण घरातली माणसे वाचतील.