मोटारीचा पत्रा: लोखंडाचा की ॲल्युमिनियमचा?

मोटारीचे मडगार्ड किंवा बॉनेट हाताने घडवायचे म्हणजे सपाट पत्र्याला दोन्ही अंगांनी गोलाई द्यायची. वाळूच्या पिशवीवर ठोकून पत्रा मधोमध ताणतात, कडेला आकसवतात आणि शेवटी दोन चाकांमध्ये दाबून फिरवत ठोक्यांच्या खुणा मोडतात. एवढे सगळे धातू किती सोसतो, यावर त्याची निवड ठरते.

सर्वांत रुळलेला धातू म्हणजे कमी कार्बनचे मऊ पोलाद, बोलीभाषेतला लोखंडी पत्रा. तो साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा घेतात. हा पत्रा चांगला ताणला जातो, सहज वेल्ड होतो आणि वितळण्याआधी लाल होत असल्याने कारागिराला अंदाज येतो. वजन आणि गंज हे त्याचे दोन दोष. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कमी गंजतो. मात्र वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर बाधतो, म्हणून मुलामा आधी घासून काढावा लागतो.

ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचे. त्याचा १.२ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला सव्वातीन किलो भरतो, तर ०.९ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा सात किलो. मिलानच्या ‘तूरिंग’ कारखान्याच्या ‘सुपरलेजेरा’ पद्धतीत बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर हाताने घडवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे चढत, ते याच हलकेपणासाठी. १९४८च्या लँड रोव्हरला ॲल्युमिनियमचे मिश्रधातू लाभले, त्यामागे युद्धोत्तर ब्रिटनमधील पोलादाची टंचाई होती.

ॲल्युमिनियम मऊ असले तरी ठोकता ठोकता कडक होते आणि तडकते. म्हणून ते मधूनमधून तापवून नरम करतात. ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरायची आणि ऑक्सिजन वाढवून ती हलकेच जाळायची. काजळी उडाली की पत्रा नरम झाला. ही खूण लागते, कारण तापलेले ॲल्युमिनियम रंग बदलत नाही आणि ६६० अंश सेल्सिअसला एकदम वितळून भोक पडते. ओलाव्यात पोलादाला टेकलेले ॲल्युमिनियम झिजते, म्हणून दोहोंमध्ये रबर किंवा तत्सम थर हवा.

स्टेनलेस स्टील गंजत नाही. पण ठोक्यांनी फार लवकर कडक होते, त्यामुळे ते पट्ट्या व नक्षीपुरतेच बरे. तांबे हातात सहज वळते. पण ते पोलादापेक्षा जड आणि महाग.

थोडक्यात, दुरुस्तीला मूळ गाडीचाच धातू घ्यावा, वजन वाचवायचे तर ॲल्युमिनियम निवडावे आणि शिकाऊ हाताने लोखंडी पत्र्यापासून सुरुवात करावी.