सहीसोबतची अट

(जिल्हा व तालुका न्यायालयांत वकिली करणाऱ्या स्त्रियांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)





राखी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयातल्या बाकांवर कोण बसलेलं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. भाऊ, बहिणी आणि हक्कसोडपत्र. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला’ हे शब्द आपल्याला तोंडपाठ आहेत, कारण ते आपणच लिहितो. काही वर्षांपूर्वी अशीच एक पन्नाशीची बाई माझ्याशेजारी बसली होती. सोबत दोन भाऊ, एक भावजय, दुपारच्या जेवणाचा डबा. फोटो झाला. मशीनवर अंगठा उमटेना, तसा तिने तो पदराला पुसला आणि मला हळूच विचारलं, “बाई, आईची खोलीबी ह्यातच आली का?” शेताबरोबर घरही दस्तात होतं. मी ‘हो’ म्हणाले. ती जरा वेळ कागदाकडे बघत राहिली आणि तिने अंगठा टेकवला. ओळख पटवणारी म्हणून त्या दस्तावर माझी सही आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच दिलेला वाटा माझ्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत गेला, आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं.

आज ‘सीडॉ’ कराराबद्दल बोलायचं ते ह्यासाठी. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा हा करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी संमत केला. त्याची कलमं तीस. त्यांतलं पाचवं मला सर्वांत मोलाचं वाटतं. कायदा समान करून सरकारची सुटका होत नाही, बाईला कमी लेखणाऱ्या रूढी आणि समजुती बदलण्याची जबाबदारीही सरकारचीच, असं ते सांगतं. ‘चांगली बहीण वाटा मागत नाही’ ही समजूत नाही तर काय आहे?

भारताने करारावर सही केली १९८० साली आणि तो कायम केला ९ जुलै १९९३ रोजी. पण ह्याच पाचव्या कलमाला आणि विवाह-कुटुंबाविषयीच्या सोळाव्याला आपण एक निवेदन जोडलं: कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाचा पुढाकार आणि संमती असल्याशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाला धरूनच ही कलमं पाळू. मी वकील म्हणून विचारते, समाजाची संमती कोण देतं? भावकी? जातपंचायत? हक्कसोडपत्रावर निदान त्या बाईचा अंगठा तरी घेतात. ह्या अटीसाठी तेवढंही कुणी घेतलेलं नाही.

दुसरं निवेदन विवाहनोंदणीचं. एवढ्या मोठ्या, विविध चालीरीतींच्या देशात सक्तीची नोंदणी व्यवहार्य नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं. महाराष्ट्राने १९९८ साली त्यासाठी कायदा केला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना तसे आदेश दिले. सबब उरली नाही, तरी निवेदन उभंच आहे.

हा करार पाश्चात्त्यांचा, आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं बाररूममध्येही ऐकू येतं. पण खुद्द अमेरिकेने १९८० साली सही करून आजवर तो कायम केलेला नाही. आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ ह्या शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ यावेत म्हणून आग्रह धरला तो आपल्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी.

करार कोर्टात चालतो का, अशी शंका असलेल्यांनी ‘विशाखा’ खटल्याचा निकाल पुन्हा वाचावा. राजस्थानात सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या जागी लैंगिक छळापासून स्त्रीचं संरक्षण करणारा कायदाच तेव्हा देशात नव्हता. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने संविधानातल्या मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना सीडॉचा आधार घेतला आणि मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्या पीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. कायदा व्हायला २०१३ उजाडलं. मधली सोळा वर्षं देशातल्या नोकरदार बायकांनी त्या तत्त्वांच्या आधाराने काढली. असं असूनही आपल्या दाव्या-अर्जांत हा करार दिसत नाही. मीही कित्येक वर्षं तो लिहिला नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा परिषदेपुढे दोन ठराव आहेत. भारताने पाचव्या आणि सोळाव्या कलमांवरची निवेदनं मागे घ्यावीत, हा पहिला. दुसरा, कराराच्या १९९९ च्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये सामील होण्याचा. देशातले सगळे मार्ग संपल्यावर स्त्रीला थेट सीडॉ समितीकडे तक्रार नेता येते ती त्यामुळे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका त्यात आहेत, आपण नाही. जी वाट काठमांडूच्या बाईला खुली आहे, ती करमाळ्याच्या बाईला का नसावी?

ठराव दिल्लीला पोचेपर्यंत आपल्या हातात आपलं टेबल आहे. मी आता हक्कसोडपत्र लिहिण्याआधी भावांना बाहेर बसवते, आणि बहिणीला सातबारा समोर ठेवून तिचा वाटा किती गुंठे भरतो ते सांगते. बहुतेकजणी तरीही सही करतात. गेल्या वर्षी एकीने मात्र कागद पिशवीत ठेवला आणि म्हणाली, “दिवाळीनंतर बघू.” भाऊबीजेला ती माहेरी जाऊन आली, भावाला ओवाळून आली. दस्त अजून झालेला नाही.

पहिला ठराव मांडण्यासाठी ह्याच वर्षी सनद घेतलेल्या आपल्या सर्वांत तरुण मैत्रिणीला मी बोलावते.