वऱ्हाडचा कापूस आणि १८९७ची काँग्रेस

१८५३ साली निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडं सोपवला. मालकी नावाला निजामाची, कारभार इंग्रजांचा. त्यांची नजर होती पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीवर.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या आणि वऱ्हाडी कापसाचे भाव भडकले. तोवर मुंबईचा रस्ता बैलांच्या पायांनी तुडवायचा. १८६७ पर्यंत लोहमार्ग भुसावळहून अकोला, बडनेरा असा नागपूरला पोचला. कापसाची मोठी पेठ असलेल्या खामगावसाठी तर फाटा काढला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः तिथं आले, यावरून कापसाचं वजन ओळखा! पुढं सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले.

पण युद्ध १८६५ लाच संपलं होतं आणि भाव कोसळले होते. जवारीच्या वावरात कापूस आलेला, सावकाराचं देणं मात्र तसंच. त्यात विलायती कापडानं कोष्ट्यांचे माग बसवले. शतक सरताना दोन दुष्काळ आले, १८९६ आणि १८९९ चे.

गावं अशी पिचत असताना शहरांत इंग्रजी शिकलेले वकील बोलू लागले होते. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते.