दाराशी बसणारं लेकरू

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. काही महिन्यांनी मी तिथल्या एका पत्र्याच्या शाळेत कविता म्हणायला गेलो. एक मुलगा दाराशी बसला होता. गुरुजींनी दोनदा रागावून आत बसवलं, तो पुन्हा दाराशी. बाहेरून ट्रक गेला, तसा तो अनवाणी पळत सुटला. पाणी देणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "भाई, मस्ती नाही ती. भ्यालंय लेकरू."

मावशींना जे उपजत कळलं, ते शाळेतल्या प्रत्येकाला शिकवता येतं. शिक्षकांना, शिपायांना, खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र सोपं आहे : पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. खोदून विचारायचं नाही, 'विसर आता' म्हणायचं नाही. पुढच्या मदतीसाठी आज टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

तेव्हा यातलं काहीच नव्हतं. पण मावशींचं ऐकून गुरुजींनी दाराजवळच सतरंजी अंथरली. मुलगा परत आला, बसला आणि त्यानं दप्तरातून पाटी काढली.