चीक वासराला, मग बाळाला का नको?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्येचा अधिव्याख्याता. पेरणी, आंतरपिके, खतांच्या मात्रा हे माझे विषय. तेव्हा हा माणूस आज तान्ह्या बाळाच्या दुधाबद्दल का बोलतो आहे, असे आपल्याला वाटेल. पण ज्या बाईंची हकीकत मी सांगणार आहे, त्यांच्या संशोधनाची सुरुवात एका पिकापासूनच झाली. ते पीक म्हणजे मका.

डॉ. सिसिली विल्यम्स यांचा जन्म १८९३ साली जमैकात झाला. १९२९ मध्ये त्या पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात सरकारी डॉक्टर म्हणून गेल्या. तेथे त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची आजारी मुले येत. हातापायांना सूज, कातडी सोललेली, केस भुरकट आणि मूल सतत किरकिरे. या आजाराला तुम्ही काय म्हणता, असे बाईंनी तिथल्या आयांनाच विचारले. गा भाषेतले उत्तर मिळाले, 'क्वाशिओरकर'. धाकटे भावंड आले की अंगावरून तुटलेल्या थोरल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. आजाराचे मूळ त्या नावातच सांगितलेले होते.

अंगावरचे दूध तुटले की त्या मुलाच्या वाट्याला आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे पदार्थ येत, दुसरे फारसे काही नाही. १९३३ साली बाईंनी मक्याच्या आहाराशी निगडित आजार म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. १९३५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो त्याच्या स्थानिक नावानिशी मांडला. मक्याच्या प्रथिनात लायसीन व ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात. केवळ प्रथिनांच्या कमतरतेने या आजाराचा पूर्ण उलगडा होत नाही, असे आता मानले जाते. तरीही एकाच धान्याच्या पेजेवर मूल नीट वाढत नाही, हा धडा कायम आहे.

पुढे त्यांची बदली मलायात झाली. तेथे आया जाहिरातींना भुलून बाळांना साखर घातलेले आटीव डबाबंद दूध पाजत होत्या आणि बाळे दगावत होती. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये बाईंनी यावर भाषण केले. त्याचे शीर्षक होते 'दूध आणि खून'. महायुद्धात त्या जपान्यांच्या कैदेत पडल्या. त्या बंदिवासात २० बाळे जन्मली, वीसही आईच्या दुधावर राहिली आणि वीसही जगली, असे त्या नंतर सांगत. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९९२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी आपल्या देशात बाळाच्या डबाबंद दुधाच्या व दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी घालणारा कायदा झाला.

आता माझ्या घरची गोष्ट. थोरल्या मुलीच्या जन्मानंतर घरातल्या जाणत्या बायकांनी पहिले दोन दिवस पिवळसर दूध पिळून टाकायला लावले आणि बाळाला मध चाटवला. त्याच आठवड्यात मी एका गावात, गाय व्याली की तासाभरात वासराला चीक पाजा, असे सांगत होतो. घरी मात्र गप्प बसलो. मुलगी सुदैवाने चांगली राहिली. पण ती चूक माझी होती.

वासराला गर्भात रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. माणसाच्या बाळाला त्यांतली काही नाळेतून मिळतात. पण आतड्याचे रक्षण करणारी द्रव्ये आईच्या पहिल्या पिवळ्या दुधातूनच येतात. ते दूध टाकणे म्हणजे बियाण्याला केलेली बीजप्रक्रिया पेरणीपूर्वी धुऊन टाकण्यासारखे आहे.

म्हणून एवढे करा. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. मध तर वर्षभर नकोच. सहा महिन्यांनंतर ज्वारी, नाचणी किंवा तांदूळ यांच्या जोडीला मूग वा तुरीची डाळ शिजवून, मऊ करून, वर थोडे तेल-तूप घालून भरवावे. धान्यात जे लायसीन कमी, ते डाळीत भरपूर असते. ज्वारीत तुरीचे आंतरपीक आपण घेतोच, तेच बाळाच्या वाटीतही घ्यावे. अंगावरचे दूध दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे.

बंधूंनो, शेवटचे आपल्यासाठी. खुरपणीचा हंगाम अडला म्हणून ओल्या बाळंतिणीला रानात नेऊ नका. पुढे ती कामावर आली, तर बाळ बांधावरच्या सावलीत असू द्या आणि पाजायला उठलेल्या बाईची मजुरी कापू नका. तुरीची सगळी पोती बाजारात नेण्यापूर्वी घरापुरती डाळ बाजूला काढा. पुढच्या हंगामाचे बियाणे आपण जपून ठेवतो. ही डाळही तशीच जपायची आहे.