अकरावीला मानसशास्त्र घ्यावे काय?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक ठरलेले बोलणे ऐकू येते. टक्के भरपूर असले तर विज्ञान, मध्यम असले तर वाणिज्य, आणि उरली ती कला शाखा. मुलीचे नाव कला शाखेत घातले की शेजारचे कोणीतरी सांगतात, "सायकॉलॉजी घ्या, सोपा विषय आहे, मार्क पडतात." मानसशास्त्र बहुतेकांच्या घरी असे मागल्या दाराने येते. माझी तक्रार मार्कांबद्दल नाही. अभ्यास केला तर ते पडतातही. तक्रार एवढीच, की हा विषय कशासाठी शिकायचा ते ह्या बोलण्यात कोठे येतच नाही.

माणसाच्या मनाविषयी आपण सारेच रोज निकाल देत असतो. थोरल्याला डोके आहे, धाकटा मठ्ठ आहे. ही मुलगी हट्टी, तो मुलगा भित्रा. हे तुम्ही कशावरून म्हणता, मोजले काय, आणि मोजले तर कसे, असे विचारायला मानसशास्त्र शिकवते. 1879 साली विल्हेल्म वुंट ह्यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा उघडली, तेव्हापासून ह्या शास्त्राने पुराव्याची वाट धरली आहे.

आपली मुले पाठांतर पुष्कळ करतात, म्हणून उदाहरण स्मरणाचेच घेऊ. हेर्मान एबिंगहाऊस ह्या जर्मन संशोधकाने स्वतःलाच प्रयोगाला बसवले. व्यंजन, स्वर, व्यंजन अशा अर्थहीन जोडण्या करून त्याने त्यांच्या याद्या बनवल्या. एक यादी न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ करायची, मध्ये काही वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला ते मोजायचे. 1885 साली त्याने आकडे छापले. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना सुमारे 58 टक्के वेळ वाचला; तासाभराने 44, एक दिवसाने 34 आणि महिन्याने 21. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्या तासांतच उरकतो, नंतरची घसरण सावकाश होते. धडा झाला त्याच दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा आणि मग आठवड्याने एकदा चाळावा असे मास्तर सांगतात, त्याच्यामागे असे काही आहे हे मुलांना कळले तर ती ते जास्त मनावर घेतील.

आता एक गंमत पहा. हा प्रयोग तुम्ही घरी केलात आणि यादीत 'शब', 'लब' अशा जोडण्या घातल्यात, तर फक्त मराठी बोलणाऱ्या मुलाला त्या निरर्थक आहेत. पण ज्याच्या घरी उर्दू किंवा दख्खनी बोलतात, शब-ए-बरात पाळतात, त्याला रात्र आणि ओठ हे अर्थ चटकन लागतील. त्याची यादी लवकर पाठ होईल. मग ह्या मुलाची स्मरणशक्ती तल्लख, असे लिहून मोकळे व्हायचे काय? दोष यादीत आहे. हे ज्या विद्यार्थ्याला आपण होऊन सुचले, त्याला विषय समजला असे मी म्हणेन.

बुद्धिमापनात नेमकी हीच चूक झाली आणि ती माणसांना भोवली. 1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थेओदोर सिमाँ ह्यांनी जी चाचणी तयार केली, तिचा हेतू शाळेत जादा मदत कोणाला लागेल ते ओळखण्याचा होता. ती अमेरिकेत गेली आणि 1913 साली हेन्री गॉडार्ड ह्यांच्या सहाय्यकांनी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या लोकांना दुभाष्यामार्फत तिचे प्रश्न विचारले. त्यांतील बहुतेकांवर मंदबुद्धीचा शिक्का बसला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत ह्यांनी तीच चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1940 साली निघाला. परक्या भाषेतील प्रश्नांनी आपल्या मुलाची बुद्धी मोजू नये, ही समज त्या कामाच्या मुळाशी आहे. घरी एक, शाळेत दुसरी आणि परीक्षेला तिसरी भाषा असलेल्या आपल्या मुलांच्या आईबापांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

नोकरीचे विचाराल तर स्पष्ट सांगतो. बारावीला मानसशास्त्र घेतल्याने कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही, नुसत्या बी. ए.नेही होत नाही. एम. ए., त्यापुढे रुग्णांबरोबरचे प्रशिक्षण आणि पुनर्वास परिषदेची नोंदणी, एवढे झाल्यावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येते. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ तो वेगळा; तो आधी एम. बी. बी. एस. डॉक्टर असतो, म्हणजे त्याला विज्ञान शाखाच हवी. दोन वर्षांत कमाई सुरू व्हायला हवी अशी घरची निकड असेल, तर ह्या विषयावर भरवसा ठेवू नये.

मग साध्या घरातल्या मुलीला त्याचा काय उपयोग? बारावीच्या पुस्तकात मानसिक विकारांवर एक धडा आहे. तो वाचून ती कोणावर उपचार करणार नाही, करूही नये. पण घरातले कोणी महिनोन्‌महिने झोपत नाही, भलतेच आवाज ऐकू येतात म्हणते, तेव्हा हा आजार आहे, डॉक्टरकडे चला, एवढे तरी ती सांगू शकेल. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. पंचवीसहून अधिक माणसे जागच्या जागी जळून गेली. त्यांना तेथे आणून सोडणारे बहुतेक त्यांचेच नातेवाईक होते. ते दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. काय करावे हे सांगणारे त्यांना कोणी भेटले नव्हते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. दुवा मागण्यास कोणाचीच हरकत नाही, ती मागावी, आणि डॉक्टरलाही दाखवावे.

तेव्हा पालकहो, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी बालभारतीचे मानसशास्त्राचे पुस्तक मिळवा; ते मराठीत आहे. त्यातला बुद्धिमत्तेवरचा धडा मुलाला किंवा मुलीला वाचू द्या. मग वीस निरर्थक जोडण्यांची यादी करून घरच्या चार माणसांवर प्रयोग करायला सांगा. यादी मात्र घरच्या सगळ्या भाषांत तपासून घ्या. आकडे मांडण्यात आणि ते असे का आले ह्यावर डोके खाजवण्यात रस वाटला, तर विषय जरूर घ्यावा. कंटाळा आला, तर मार्कांच्या आशेने घेऊ नये. इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे.