आमचा वाघ घरीच राहिला



पोळा आता पंधरा दिवसांवर आला. रोवणी आटोपली, बांधीत पाणी तुंबलं आहे आणि लेकरांनी माळ्यावरचा लाकडी बैल खाली काढायचा तगादा लावला असेल. म्हणून आज तान्ह्या पोळ्याबद्दल बोलायचं ठरवलं. पोळ्याला आम्ही सोंगं काढतो, त्याबद्दल. आणि त्यात आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

आम्ही म्हणजे सिंदेवाही तालुक्यातल्या एका बचत गटाच्या 11 बाया. कुणी शेतमजुरी करते, कुणाची शिलाई मशीन आहे, एकीचं चहाचं दुकान आहे. गेली 5 वर्षं तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही सोंगं घेऊन जवळपासच्या दोन-तीन खेड्यांत जातो आणि लेकरांना हसवून परत येतो. पैसे घेत नाही. खाऊ मात्र वाटतो, तोही गटाच्या खर्चातून.

आपल्या विदर्भाबाहेर तान्हा पोळा फारसा कुणाला माहीत नसतो. श्रावणातल्या अमावस्येला मोठा पोळा होतो, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी लेकरांचा. चाकांवरचा लाकडी नंदी सजवायचा, दोरी धरून ओढत न्यायचा, तोरणाखाली उभा करायचा, मग घरोघरी फिरवून बोजारा मागायचा. नागपूरच्या भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. आमच्या झाडीतली जुनी माणसं तर पोळा म्हणतच नाहीत, ‘पोरा’ म्हणतात. लेकरांच्या सणाला ते नाव किती शोभतं!

पण या सणाच्या कडेला काही लेकरं नुसतीच उभी असतात, हे आम्ही दर वर्षी पाहत होतो. ज्यांच्या घरी लाकडी नंदी नाही ती. चांगल्या सुताराच्या हातचा नंदी घ्यायचा तर मजुराच्या घरात किती दिवसांची मजुरी जाते, ते तुम्हांला सांगायला नको. काही ठिकाणी मोठ्या नंदीला, भारी सजावटीला बक्षीसही असतं. मग मातीचा बैल घेऊन आलेलं पोर मागच्या मागे सरकतं. आमच्यातली एक म्हणाली, “सगळ्या गावाचा मिळून एकच नंदी असला तर?” तिथून आमच्या सोंगांची सुरुवात झाली.

आम्ही बुरडाकडून बांबूचा सांगाडा करून घेतला. त्यावर बारदाना शिवला, वरून सासूबाईंनी दिलेलं जुनं पांढरं धोतर. डोकं केलं कागदाच्या लगद्याचं. आपण टोपल्या लिंपायला करतो तसाच, रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ घालून. शिंगांना बेगड, पाठीवर जुन्या साडीची झूल, गळ्यात घुंगुरमाळ. आत दोघी जणी. पुढची चालवते, मागची तिची कंबर धरून वाकलेली. मागच्या पायांचं काम कुणालाच नको असतं, त्यामुळे तिथे पाळी लावावी लागते! अख्ख्या नंदीला 700 रुपये लागले, ते आम्ही चार महिने थोडे थोडे साठवले होते.

घरची माणसं पहिल्यांदा हसली. पण सोंग काही झाडीला नवं नाही. दंडार आपल्या गावागावांत होत आली. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर अख्खा हंगाम गावोगाव रात्र-रात्र नाटकं करतात. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आपल्याच घरात मान आल्यासारखं वाटलं. दंडारीत बाप्या माणसांनी लुगडं नेसून बाईचं सोंग घ्यायचं, ही जुनी रीत. मग बायांनी मिशा लावल्या तर काय बिघडलं? आम्ही नंदी केला, नंदीवाला केला, फेटा बांधलेला कमरेत वाकलेला म्हातारा केला, सुई घेऊन धावणारा डॉक्टर केला.

आणि वाघ केला.

वाघ सगळ्यांत झकास झाला होता. लगद्याचाच मुखवटा, पिवळा रंग, काजळाचे पट्टे, झाडूच्या काड्यांच्या मिशा. पहिली दोन वर्षं ज्या गावांत गेलो, तिथे वाघानं सगळ्यांवर मात केली. आमची वाघीण कुठल्या तरी भिंतीआडून उडी घ्यायची, पोरं किंचाळत पळायची आणि पुन्हा जवळ यायची. “अजून एकदा, अजून एकदा” म्हणायची. आम्हांला वाटलं, जमलं.

तिसऱ्या वर्षी आम्ही जंगलाला लागून असलेल्या एका लहान गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही, त्या घराला पुन्हा त्रास नको. अंगणवाडीसमोर लेकरं जमली होती. नंदी नाचला, म्हातारा पडला, डॉक्टर धावला. मग वाघानं उडी मारली. पोरं पळाली, ओरडली, हसली. एक मुलगी पळाली नाही. सहा-सात वर्षांची असेल. ती जागच्या जागी उभी राहिली. तोंड उघडं, पण आवाज नाही. तिचा फ्रॉक ओला झाला, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

तिची काकू धावत आली, तिनं पोरीला उचललं आणि जाता जाता एवढंच म्हणाली, “हिच्या आजीले नेलं जी वाघानं, मोहाच्या दिवसात.”

आमच्या वाघिणीनं तिथेच मुखवटा काढला. “बघ बाळा, मी बाई आहे, वाघ नाही,” असं म्हणत ती मागे गेली. पोरीनं काकूच्या खांद्यातून डोकं वर केलं नाही.

मैत्रिणींनो, आम्हांला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आम्हांला माहीत होतं. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या त्या बाईची बातमी चैत्रात पेपरात आली होती. आमच्याच चहाच्या दुकानावर आम्ही ती वाचली होती, हळहळलो होतो. पाच महिन्यांनी त्याच गावात वाघाचं सोंग घेऊन गेलो, तेव्हा आमच्या 11 जणींतल्या एकीलाही ती आठवली नाही. आम्ही आमच्या सोंगातच रमलो होतो.

परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बैठक झाली. एक म्हणाली, मुखवटा जाळून टाका. दुसरी म्हणाली, सोंगंच बंद करा, लोक आता दारात उभं करणार नाहीत. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या बाई सगळं ऐकून म्हणाल्या, “आधी त्या घरी जाऊन येऊ. मग काय जाळायचं ते जाळा.”

आठ दिवसांनी चौघी जणी गेलो. सोंग नाही, खाऊ नाही. काकू निंदणावरून आली होती. तिनं पाणी दिलं, बसवलं. आम्ही चुकलो म्हणून सांगितलं. ती रागावली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “वाघ तं आमच्याकडं येतेच बाई. तुम्ही कायले आणता?”

या एका वाक्यानं आम्हांला जे शिकवलं, ते कुठल्या शिबिरात शिकवलं नसतं. शहरात वाघ पाहायला लोक पैसे देऊन येतात. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान 1955 साली झालं, राज्यातलं सगळ्यांत जुनं, आणि आपल्याला त्याचा अभिमानच आहे. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यातल्या बाईला मोहफुलासाठी, तेंदूपानासाठी, पावसाळ्यात सात्या आणि वास्ते आणायला जंगलाच्या कडेनं जावंच लागतं. तिच्या घरच्या पोराला वाघ चित्रातला नसतो. आई परत येईपर्यंत ते पोर दाराकडे बघत असतं. आपण त्याला आनंद द्यायला जातो आणि त्याची भीतीच मिशा लावून त्याच्यासमोर उभी करतो.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. ताडोबाच्या तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला आणि त्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडलं, अशी कथा आहे. वाघानं नेलेल्या माणसाच्या नावानं दगड मांडून त्याला शेंदूर लावतात, तिथे जाता-येता हात जोडतात. वाघाचं नाव घेताना गेलेलं माणूस त्यांच्या ध्यानात असायचं. आमच्या ध्यानात राहिलं नाही, ते आमचं चुकलं.

पुढच्या वर्षी आम्ही पोळ्याच्या महिनाभर आधीच त्या गावात गेलो. अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घेऊन लेकरांनाच विचारलं, “या वर्षी काय आणू?” आम्हांला वाटलं परी म्हणतील, हनुमान म्हणतील. पोरं म्हणाली, “एसटी!” त्या गावाला दिवसातून दोनदा गाडी येते, पावसात तेवढीही येत नाही. पोरांना कंडक्टर हवा होता.

मग आम्ही कंडक्टर केला. जुना खाकी सदरा, गळ्यात कापडी बॅग, पत्र्याच्या डब्याची तिकिटांची पेटी आणि टिकटिक वाजवायला अडकित्ता. नंदी होताच. लांब दोरीची दोन्ही टोकं बांधली, सगळ्यांनी आत शिरायचं, ती आमची एसटी. कंडक्टर प्रत्येकाला विचारायची, “कुठं जायचं?” कुणी नागपूर म्हणालं, कुणी बल्लारशा, एक पोर म्हणालं, “बाजारात, भजे खायले.” कागदाच्या चिठ्ठीवर गावाचं नाव लिहायचं, अडकित्ता वाजवायचा आणि तिकीट हातात द्यायचं.

ती मुलगी काकूजवळ उभी होती. आम्ही तिला बोलावलं नाही, तसं आधीच ठरवलं होतं. एसटीनं चावडीला दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या वेळी गाडी थांबली, तेव्हा ती पुढे आली आणि तिनं हात पसरला. “कुठं जायचं?” ती बोलली नाही. कंडक्टरनं पुन्हा विचारलं नाही, कोरंच तिकीट दिलं. मुलीनं त्याची घडी केली, मुठीत धरली आणि दोरीच्या आत शिरली. कंडक्टरच्या सदऱ्याचं टोक धरून पूर्ण फेरी केली.

निघताना एका पोरानं विचारलं, “तुमचा वाघ नाही आणला?”

आम्ही म्हटलं, “आमचा वाघ घरीच राहिला.”

पोरगं म्हणालं, “राहू द्या मंग घरीच.” आणि सगळी पोरं हसली. ती हसली की नाही ते आम्हांला दिसलं नाही, ती मागे होती.

आता तुमच्यापैकी कुणाला या पोळ्याला, किंवा पुढे दिवाळीत, असं काही करायचं असेल, तर आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो.

सोंग घेऊन जाण्याआधी एकदा बिनसोंगाच्या जा. आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना विचारा की या वर्षी कुणाच्या घरी काय घडलं, लेकरं कशाला भितात आणि त्यांना काय पाहायचं आहे. लहान लेकरं मुखवट्याला भितातच, त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून मुखवटा आधी त्यांच्या हातात द्या, त्यांच्यासमोर तोंडावर चढवा, त्यांच्यासमोर उतरवा. कुणाच्या अंगावर उडी मारू नका. रडणाऱ्या लेकराला ओढून सोंगाजवळ नेऊ नका, त्याचा फोटो तर मुळीच काढू नका. खाऊ सगळ्यांना सारखा द्या, नंदीवाल्यांना आणि बिननंदीच्यांनाही. आणि दिवस मावळायच्या आत परत निघा. संध्याकाळी रस्त्यावर जनावर निघतं, आणि तुमच्यामुळे गावातल्या कुणाला सोबत करायला यावं लागलं, तर परतताना तो एकटा असतो.

जंगलाला लागून राहणाऱ्या बहिणींनाही एक सांगायचं आहे. सात्या वेचताना, गवत कापताना आपण वाकलेल्या असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो असं वनखात्याचे लोक सांगतात. एकटीनं जाऊ नका. एकीनं तरी उभं राहून लक्ष ठेवा, अधूनमधून मोठ्यानं बोला. वाघ दिसला, माग दिसला तर गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोरांना सांगा किंवा वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करा. आणि ज्या घरात असं घडलं आहे, तिथलं लेकरू बोलत नसेल, झोपेत दचकत असेल, तर “होईल ठीक” म्हणून सोडू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. 14416 या नंबरवर मनाच्या दुखण्यासाठी फुकट सल्ला मिळतो.

वाघाचा मुखवटा आम्ही शेवटी जाळला नाही. तो आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे. नवीन सोंग काढायचं ठरलं की आधी त्याच्याकडे नजर जाते आणि कुणीतरी विचारतंच, “गावात जाऊन विचारून आलात का?”

या वर्षी पोरांनी काय मागितलं, ते मात्र आज सांगत नाही. तान्ह्या पोळ्याला कळेलच. नंदीच्या मागच्या पायांसाठी एक बाई कमी पडते आहे, कुणाला यायचं असेल तर नक्की या.